टेप लावून ऐकताना

गाडीत वाऱ्याचा आवाज येतो अशी तक्रार घेऊन येणारा माणूस बहुधा दोषाची जागाही स्वतःच सांगून टाकतो: ड्रायव्हरच्या दाराची बीडिंग गेली आहे. मेकॅनिक तेच धरून चालतो, बीडिंग बदलतो, आणि आवाज होता तिथेच राहतो. मग दुसऱ्या दाराची बीडिंग, मग दारात डॅम्पिंग शीट, आणि सगळं करून झालं की ‘या मॉडेलला असंच असतं’ हे ठेवणीतलं वाक्य. या खर्चात बिचाऱ्या बीडिंगचा दोष थोडा, कामाच्या क्रमाचा जास्त. माझं म्हणणं असं की वाऱ्याचा आवाज एकेक फट बुजवत सापडत नाही. संशयाच्या सगळ्या जागा आधी एकदम बंद कराव्यात, गाडी शक्य तेवढी शांत करावी, आणि मग एकेक जागा उघडत आवाज परत आणावा. ऐकायला हे उफराटं वाटतं. पण हवेचं आणि कानाचं गणित पाहिलं तर दुसरा मार्ग फारसा उरत नाही.

आधी हवेचं गणित. जेम्स लाइटहिल यांनी १९५२ मध्ये वाहत्या हवेतून आवाज कसा तयार होतो याचा सिद्धान्त मांडला, आणि १९५५ मध्ये कर्ल यांनी त्यात घन पृष्ठभागांचा विचार जोडला. गाडीच्या कामापुरतं त्याचं सार एवढंच: आरसा, खांब, वायपर अशा वस्तूंवर आपटून निघणाऱ्या आवाजाची शक्ती साधारण वेगाच्या सहाव्या घाताने वाढते. ताशी ८० किलोमीटरवरून १२० वर गेलात की वेग दीडपट होतो, आवाजाची शक्ती मात्र अकरापटींहून जास्त. डेसिबलमध्ये ही वाढ साडेदहाच्या आसपास येते आणि कानाला आवाज जवळजवळ दुप्पट वाटतो. शहरात वर्षभर बिनतक्रार चाललेली गाडी समृद्धी महामार्गावर पहिल्यांदा १२० ला गेली की ‘काहीतरी बिघडलं’ असं वाटतं ते यामुळे. बिघडलेलं काही नसतं असंही नाही; दोष जुनाच असतो, ८० ला तो ऐकू येत नव्हता. दुसरी गोष्ट दाबाची. १०० च्या वेगाला समोरून येणाऱ्या हवेचा दाब चौरस मीटरमागे सुमारे ४७ किलो वजनाएवढा होतो, १२० ला सुमारे ६८ किलोएवढा. पुढच्या काचेच्या बाजूच्या खांबावरून हवा वळते तिथे, म्हणजे नेमकी पुढच्या दाराच्या काचेवर, बाहेरचा दाब कमी होऊन ओढ निर्माण होते. ती दाराची वरची चौकट किंचित बाहेर खेचते, बीडिंगवरची पकड सैल पडते आणि आतली हवा त्या फटीतून फुसफुसत बाहेर जाते. गॅरेजात उभ्या गाडीचं दार कितीही घट्ट बसलेलं दिसलं तरी ते १२० च्या वेगाचं दार नव्हे. पाण्याचा पाइप मारून ‘गळत नाही, म्हणजे बीडिंग ठीक आहे’ असा निर्वाळा देणाऱ्यांना हे पटवणं कठीण जातं. पाणी वरून खाली येतं आणि वाटेत पन्हळीला लागून निघून जातं. हवा आतून बाहेर जाते, तिला पन्हळ अडवत नाही.

आता कानाचं गणित. माझा सगळा भर याच्यावर आहे. समजा, एका गाडीत सारख्या ताकदीच्या पाच फटी आहेत, आणि टायर-इंजिन वगैरेंचा मिळून जो आवाज उरतो तोही साधारण एका फटीएवढाच आहे. म्हणजे सहा वाटे आवाज. तुम्ही एक फट अचूक शोधलीत आणि पक्की बुजवलीत. सहाचे पाच झाले. फरक पडला ०.८ डेसिबलचा, आणि एका डेसिबलच्या आतला फरक चालत्या गाडीत कोणाच्याही कानाला कळत नाही. तुम्ही म्हणता, ‘इथे काही नव्हतं’, आणि अचूक सापडलेली जागा यादीतून खोडून पुढे जाता. पाचही जागा अशाच एकेक करून तपासल्या आणि दर वेळी आधीची पट्टी काढून टाकली, तर पाचही जागा निर्दोष ठरतात! उलट पाचही जागा आधी बंद केल्या तर एकच वाटा उरतो. आता त्यातली एक उघडली की एकाचे दोन होतात, म्हणजे तीन डेसिबलची वाढ, आणि ती साध्या कानालाही जाणवते. फट तीच, कानही तेच. फक्त तुलना शांततेशी केली म्हणून कळलं. लग्नाच्या मांडवात एक माणूस बोलायचा थांबला तर कोणाच्या ध्यानात येत नाही, पण रिकाम्या मांडवात एकच जण कुजबुजला तरी सगळे वळून बघतात.

यासाठी लागतो तो दोन इंची मास्किंग टेप, रिकामा सरळ रस्ता, कमी वाऱ्याची सकाळ आणि दोन माणसं, कारण जो चालवतो त्याने ऐकायचं काम करू नये. टेप लावण्याआधी आवाज वाऱ्याचाच आहे याची खात्री करून घ्यावी. काँक्रीटवरून डांबरावर जाताना आवाज बदलला तर तो टायरचा. गाडी हलकेच डावी-उजवीकडे वळवताना घुरघुर कमी-जास्त झाली तर चाकाच्या बेअरिंगकडे बघावं. क्लच दाबून इंजिन मंद होऊ दिलं तरी आवाज तसाच राहिला आणि वेगाबरोबरच उतरला, तर तो वाऱ्याचा धरायला हरकत नाही. (इंजिन बंद करून असा प्रयोग कोणी करू नये. स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकची मदत जाते.) मागची एकच काच उघडल्यावर कानात धपधप होते ती मात्र बिघाड नव्हे. सगळी केबिन मिळून हवेची एक पोकळी होते आणि सेकंदाला पंधरा-वीस ठोक्यांनी हेलकावते. पुढची काच दोन बोटं खाली केली की थांबते.

मग टेप. गाडी धुवून पूर्ण कोरडी झालेली हवी. धुळीवर लावलेला टेप ९० च्या पुढे सुटतो, फडफडतो आणि स्वतःच नवा आवाज काढतो. बॉनेटची मागची कड, पुढच्या काचेची चारही बाजूंची पट्टी, आरशाचं बूड आणि त्याची ती काळी त्रिकोणी तबकडी, मडगार्ड व दार यांच्यामधली खाच, दाराची वरची कड, काच रबरात शिरते ती रेघ, मागची छोटी स्थिर काच, सनरूफ असेल तर त्याची चौकट: सगळीकडे टेप पसरावा, कडा नखाने दाबाव्यात आणि जोडावर पुढचा तुकडा मागच्यावर चढवावा, म्हणजे वारा त्याच्याखाली शिरत नाही. ड्रायव्हर आत बसल्यावर त्याच्या दाराला दुसऱ्याने बाहेरून टेप लावायचा. मास्किंग टेप धक्क्याने फाटतो, त्यामुळे वेळ पडली तर दार उघडता येतं. पॅकिंगचा खाकी टेप या कामाला वापरू नये. ब्लोअर बंद, आतली हवा आतच फिरण्यावर, आणि ठरलेल्या वेगाने ठरलेला तोच तुकडा दोन्ही दिशांनी. एका दिशेला आडवा वारा असेल तर परतीच्या फेरीत तो दुसऱ्या बाजूला जातो आणि डावं-उजवं ताडून बघता येतं. सगळं बंद करूनही आवाज जसाच्या तसा राहिला, तर तेही उत्तरच आहे: दोष या फटींमध्ये नाही. मग मजल्यातली निसटलेली रबरी बुचं, दाराच्या आतली बाजू किंवा छतावरचं कॅरिअर बघायचं.

यावर पहिला आक्षेप वेळेचा. सोळा जागा म्हणजे सोळा फेऱ्या? तसं नाही. आधी पूर्ण डावी बाजू उघडावी, मग दोषी बाजूचा अर्धा भाग, मग त्याचा अर्धा. सोळांतली एकच जागा दोषी असेल तर चार फेऱ्यांत सापडते. दोन-तीन दोषी असतील तर हा हिशेब मोडतो आणि फेऱ्या वाढतात, हे मान्य. तरीही सबंध गाडीच्या बीडिंगच्या बिलापुढे चार-सहा फेऱ्यांचं पेट्रोल काहीच नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: टेप फट बुजवतो तसा पृष्ठभागही सपाट करतो, मग गेलेला आवाज गळतीचा होता की बाहेरच्या खाचेवरून वारा घासल्याचा, हे कसं ठरवायचं? टेप हे सांगत नाही हे खरंच आहे. टेप जागा सांगतो, कारण सांगत नाही. कारणासाठी दुसरी चाचणी लागते. त्या जागेचा बाहेरचा टेप काढून आतल्या बाजूने मऊ ब्यूटाइल पट्टी किंवा साधी खेळायची माती दाबून बसवावी. आवाज गेला तर गळती होती, राहिला तर बाहेरचा आकार. उभ्या गाडीतही एक ताळा घेता येतो: काचा बंद, ब्लोअर बाहेरच्या हवेवर पूर्ण जोरात, आणि बाहेरून त्या कडेला साबणाचं पाणी, गळती मोठी असेल तर फेस फुगतो. मात्र फेस आला नाही म्हणून जागा निर्दोष ठरवू नये. चौकट ओढणारा तो ६८ किलोचा हिशेब उभ्या गाडीत कुठून येणार?

बाहेरच्या आकाराचा आवाज बहुधा एका सुरात येतो आणि त्या सुरावरून वस्तू ओळखता येते. चेनेक श्ट्रौहाल यांनी १८७८ मध्ये तारेवरून वाहणाऱ्या हवेचा सूर मोजला. वेगाला तारेच्या जाडीने भागून साधारण ०.२ ने गुणलं की सेकंदाची कंपनं मिळतात. १०० च्या वेगाला ५ मिलिमीटर जाडीचा अँटेना ११०० च्या आसपास शीळ घालतो, तर ३ सेंटिमीटर जाडीचा कॅरिअरचा दांडा १८५ च्या आसपास घुमतो. अँटेनावर मळसूत्रासारखी तार गुंडाळलेली दिसते ती शोभेची नाही. सगळ्या लांबीवर एका तालात भोवरे सुटू नयेत म्हणून आहे. कॅरिअरवर संशय असेल तर त्यालाही तशीच सुतळी गुंडाळून एक फेरी मारावी. मग कोणी म्हणेल, एवढं आहे तर फोनमध्ये ॲप घालून डेसिबलच का मोजू नये? मोजावेत, पण एकूण आकडा बघू नये. त्यात टायरची घरघर सगळ्यात जड असते आणि आपल्याला छळणारी फुसफुस तिच्याखाली दबून जाते. ॲप कंपनांचा आलेख दाखवत असेल तर तो कामाचा. बाकी रबराची मीटरभर नळी एक टोक कानाशी आणि दुसरं बीडिंगवरून सरकवत नेली तर बोटभर अंतरातला फरक कळतो. नुसत्या कानावर जागेसाठी विश्वास ठेवू नये, कारण काचांवरून परतणारा आवाज मागच्या दाराचा असून पुढचा वाटतो.

डॅम्पिंग शीटवाल्यांचा आक्षेप असा की फटी शोधत बसण्यापेक्षा गाडीच जड आणि जाड करावी. शीट पत्र्याची कंपनं मारते, ते काम ती चोख करते. पण फटीतून येणारा आवाज पत्र्याला विचारून येत नाही. एखादा पडदा आवाज पूर्ण अडवणारा आहे असं धरलं, आणि त्यात क्षेत्राच्या शंभराव्या भागाएवढं भोक ठेवलं, तर सगळा मिळून २० डेसिबलच्या वर तो अडवूच शकत नाही. भोक हजाराव्या भागाएवढं केलं तरी मर्यादा ३० ची. फट उघडी ठेवून शीटवर हजारो रुपये घालणं म्हणजे ही मर्यादा विकत घेणं. शीट बसवताना आणखी एक घात होतो, तो स्पीकर बदलतानाही होतो: दाराच्या आतल्या पत्र्यावर चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा फाडला जातो आणि परत नीट लावला जात नाही. दाराच्या पोकळीतली हवा आणि आवाज मग सरळ गुडघ्यापाशी येतो, आणि दोष बीडिंगवर ढकलला जातो.

जागा आणि कारण एकदा कळलं की दुरुस्ती बहुतेक वेळा छोटी असते. दारात कागदाची पट्टी धरून दार लावावं आणि ओढून बघावं. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. बीडिंगला खडूची पूड फासून दार लावलं की पत्र्यावर उमटलेली रेघ जिथे तुटते तिथे पकड नाही. अशा वेळी नवी बीडिंग घेण्याआधी लॉकचा स्ट्रायकर मिलिमीटरभर आत घेऊन बघावा. जास्त घेतला तर दार आपटून लावावं लागतं आणि बीडिंग लवकर मरते. मागचं दार पुढच्यापेक्षा बाहेर डोकावत असेल तर ती कड वाऱ्यासमोर उभी राहते. मागचं पॅनल समपातळीत किंवा तसूभर आत हवं. बीडिंग फक्त कोरडी पडली असेल तर साबणपाण्याने पुसून सिलिकॉनचा हात द्यावा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल लावू नये, ते रबर फुगतं. बाजारात मिळणारी चिकटवायची जादा बीडिंग सरसकट लावणं मला मान्य नाही. ती दाराला बाहेर रेटते आणि एक फट बुजवून दुसरी उघडते. आणि बुजवण्याच्या भरात दाराच्या तळाची पाणी जाण्याची भोकं व मागच्या बंपरआडची हवा बाहेर सोडणारी झडप बंद करू नये. भोकं बुजली तर दार आतून गंजतं, झडप बुजली तर दार लावताना कानात दडे बसतात.

उरलं ते ‘या मॉडेलला असंच असतं’. कधीकधी ते खरंही असतं. मोठे आरसे आणि उभी काच असलेल्या गाडीत वारा बोलणारच, आणि इंजिनाचा आवाज नसलेल्या विजेच्या गाडीत तो जास्त ऐकू येणार. पण हे वाक्य तपासण्याचं साधन प्रत्येक गाडीत असतं. डावं दार आणि उजवं दार एकाच आराखड्याची. वारा दोन्ही दिशांनी तपासून झाल्यावरही एकच बाजू वाजत असेल, तर तो आराखडा नव्हे, दोष आहे, आणि वॉरंटी असेल तर तो फुकट दुरुस्त करून मागावा. वॉरंटी संपली असेल तर बीडिंगचं बिल देण्याआधी मेकॅनिकला एवढंच विचारावं: कुठला टेप काढल्यावर आवाज परत आला? त्याला जागा दाखवता आली नाही तर काम अजून झालेलं नाही, आणि पैसे देऊ नयेत.