नाममुद्रा आणि समुद्रतळ

पावसाळ्यात कुंडी उचलली की तिच्या बुडाशी करड्या रंगाचे, अनेक पायांचे चिमुकले जीव सापडतात. बोट लागताच त्यांतले काही अंग आवळून गोळीसारखे होतात. आम्ही लहानपणापासून त्यांना किडेच म्हणत आलो. ते कीटक नसून कोळंबी-खेकड्यांच्या गोतातले, कवचधारी वर्गातले जीव आहेत आणि त्यांचे असंख्य भाऊबंद ध्रुवीय समुद्राच्या तळाशी, चिखलात राहतात, हे आम्हांला फार उशिरा, निवृत्तीनंतरच्या सैल वाचनात कळले. साहित्याच्या अध्यापकाने या विषयावर लिहावे असा काही आमचा अधिकार नाही. तरीही लिहीत आहोत. कारण या वाचनाने आमच्या अध्यापनातली एक जुनी चूक आमच्यापुढे आणून ठेवली.

या जीवांना आयसोपॉड म्हणतात. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रात तळालगतचे पाणी शून्य अंशाच्या आसपास असते. पुष्कळ ठिकाणी त्याच्याही खाली. अशा पाण्यात आयसोपॉड आणि त्यांचे आप्त ॲम्फिपॉड यांनी तळावरच्या जीवनाचा मोठा भाग व्यापला आहे. त्यांतले बहुतेक काही मिलिमीटर लांबीचे. कोणी चिखलातले कण वेचतो, कोणी मेलेल्या माशावर जगतो, कोणी आपल्याहून लहान जीवांची शिकार करतो. वरच्या उजेडात वाढलेल्या शैवालाचे जे अवशेष हळूहळू खाली झिरपतात, त्यांवर अखेर ही सारी वस्ती उभी असते. खरे खेकडे मात्र तिथल्या खंडमंचावर जवळजवळ नाहीतच. रक्तातले मॅग्नेशियम कमी राखणे त्यांना साधत नाही आणि अतिशीत पाण्यात ते साचले की शरीराला गुंगी आल्यासारखे होते, असे याचे एक कारण सांगितले जाते. खेकड्यांविना मोकळी राहिलेली जागा या लहानग्यांच्या वाट्याला आली.

आमच्या कुतूहलाचा विषय झाली ती मात्र त्यांची पिशवी. खेकडा किंवा कोळंबी यांची पिल्ले सहसा पाण्यात मोकळी सुटतात आणि प्रवाह नेईल तिकडे दूरदूर जातात. आयसोपॉडांचे तसे नाही. मादीच्या छातीखाली पातळ पापुद्र्यांची एक पिशवी तयार होते; अंडी तीतच ठेवली जातात, तीतच वाढतात. थंडीमुळे ही वाढ महिनोन्महिने चालते. बाहेर येणारे पिल्लू आईचीच छोटी प्रतिमा असते. फक्त पायांची शेवटची जोडी अजून फुटलेली नसते. ते उतरते ते आईच्या पायाखालच्या चिखलावर. म्हणजे या कुळात प्रवासाला निघणारे बालपणच नाही. पिढ्यान्‌पिढ्या जावे लागायचे ते चालत, किंवा जवळपास पोहत.

आता एक जुनी गोष्ट. १८२९ ते १८३१ या काळात दक्षिण शेटलंड बेटांकडे गेलेल्या एका अमेरिकन मोहिमेत जेम्स आइट्स नावाचा निसर्गअभ्यासक होता. त्या बेटांच्या किनाऱ्यावर मिळालेल्या एका चपट्या, रुंद, काटेरी कडांच्या आयसोपॉडाचे वर्णन त्याने १८३३ साली प्रसिद्ध केले. कोट्यवधी वर्षांपूर्वी नष्ट झालेल्या आणि केवळ जीवाश्मांतून ठाऊक असलेल्या ट्रायलोबाइटशी त्याचे रूप इतके जुळत होते, की ते साम्य त्याच्या नावातच कायम झाले. आज तो सेराटोसेरॉलिस ट्रायलोबिटॉयडीस या नावाने ओळखला जातो. आपल्या गोतात तो थोराडच. काही सेंटिमीटर भरतो आणि चिखलात अर्धवट पुरून राहतो. पुढे तो अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यांवर एकमेकांपासून फार दूरच्या ठिकाणी आढळत गेला. एक नाव, आणि खंडाला जवळजवळ वेढणारा त्याचा विस्तार, असे चित्र तयार झाले.

परंतु पिशवीतून उतरलेल्या पिल्लाला एवढे अंतर कसे कापता आले? मध्ये खोल दऱ्या आहेत. हिमयुगांत खंडमंचाचे मोठे भाग जमिनीवरून सरकत आलेल्या बर्फाखाली दडपले गेले होते. २००३ साली क्रिस्टोफ हेल्ड या संशोधकाने निरनिराळ्या ठिकाणच्या नमुन्यांतील जनुकांची तुलना प्रसिद्ध केली. एकाच नावाखाली आजवर दुर्लक्षित राहिलेली किमान एक वेगळी जात नांदत होती, असे तीतून दिसून आले. ग्लिप्टोनोटस या दुसऱ्या, आकाराने बऱ्याच मोठ्या आयसोपॉडाबाबतही पुढे असाच निष्कर्ष निघाला. म्हणजे खंडाला वेढणारा तो विस्तार प्राण्याचा कमी आणि नावाचा अधिक होता. नकाशावरचे ठिपके खरे होते. ते जोडणारी रेघ आपण ओढली होती.

इथे आम्हांला वर्गातला एक प्रसंग आठवला. आम्ही नामदेवांचे अभंग शिकवत होतो. मागच्या बाकावरच्या एका विद्यार्थिनीने उठून विचारले, “सर, हा नामा कोणता?” प्रश्न अडाणीपणाचा नव्हता. नामदेवांचा काळ १२७० ते १३५० असा मानला जातो. त्यांच्या गाथेत सोळाव्या शतकातील विष्णुदास नामा याच्या रचना मिसळल्या आहेत, हे अभ्यासकांनी कधीच दाखवून दिले आहे. ‘नामा’ ही मुद्रा एकाहून अधिक कवींची आहे. हे आम्हांला माहीत होते. पण तास संपत आला होता आणि अभ्यासक्रम उरला होता. “परीक्षेला तो प्रश्न येत नाही,” असे आम्ही म्हणालो. वर्ग हसला. ती खाली बसली आणि वर्षभर पुन्हा काही विचारायला उठली नाही.

त्या वेळी आमची समजूत अशी होती की अभंग चांगला असला म्हणजे झाले; तो या नाम्याचा की त्या, याने रसिकाचे काय बिघडते? रसिकाचे कदाचित काही बिघडत नसेल. बिघडते ते दुसऱ्या नाम्याचे. त्याचे शब्द टिकतात, गायले जातात, पण तो स्वतः त्या शब्दांमागून पुसला जातो. त्याचा काळ, त्याची भाषा, त्याची वेगळी तगमग थोरल्या नावात जमा होते.

समुद्रतळावर हेच अधिक निर्दयपणे घडू शकते. अंटार्क्टिक द्वीपकल्पाच्या किनाऱ्यालगतचे गोठलेले पाणी जितके कमी दिवस टिकते, तितके हिमनग अधिक मोकळे फिरतात आणि उथळ तळ अधिक खरवडतात. शिवाय तिथले अनेक जीव पाणी थोड्याच अंशांनी तापले तरी तग धरू शकत नाहीत. अशा एखाद्या उपसागरात पिशवीच्या मर्यादेने बांधलेली एक जात संपली, आणि तिच्याच नावाने ओळखली जाणारी दुसरी जात हजार किलोमीटरवर सुखरूप असली, तर नोंदवहीत काहीच बदलणार नाही. नाव जिवंत राहील आणि त्याच्या आड झालेला मृत्यू कोणालाही दिसणार नाही.

आणि ही ज्यांना निदान एक नाव तरी मिळाले आहे त्यांची गोष्ट. २००२ आणि २००५ मध्ये ‘पोलारश्टेर्न’ या जर्मन जहाजावरून दक्षिण महासागराच्या खोल तळाचे नमुने गोळा करण्यात आले. त्यांवरचा आंगेलिका ब्रांट आणि सहकाऱ्यांचा निबंध २००७ साली ‘नेचर’मध्ये आला. त्या नमुन्यांत आयसोपॉडांच्या ६७४ जाती निघाल्या. त्यांपैकी ५८५ विज्ञानाला सर्वस्वी नव्या होत्या. तोवर अंटार्क्टिकाच्या साऱ्या खंडमंचावरून मिळून ३७१ जातींची नोंद होती. एवढ्या अफाट तळावर मोजक्या जागी जाळे ओढून हे हाती आले. एखादी जात एकाच ठिकाणी मिळाली, तर ती तिथेच राहते म्हणून, की आपण दुसरीकडे पाहिलेच नाही म्हणून? ही शंका मनात ठेवूनच तो नकाशा वाचावा लागतो. आपल्या वाङ्‌मयेतिहासातली ‘या काळात फारसे लेखन झाले नाही’ अशी वाक्येही याच शंकेने वाचायला हवी होती. आम्ही ती बहुतेकदा टिपणवहीत उतरवून घ्यायला सांगितली.

एका गोष्टीचे आम्हांला विशेष वाटते. हेल्ड यांनी कोणताही नवा समुद्र शोधला नव्हता. १८३३ पासून माहीत असलेल्या प्राण्याकडेच त्यांनी पुन्हा पाहिले. सर्वांना परिचित असलेल्या नावाला ‘हा कोणता?’ एवढेच विचारले. शास्त्रात त्या प्रश्नाचा निबंध झाला. आमच्या वर्गात त्याचा विनोद झाला.

ती विद्यार्थिनी आता कुठे असते, आम्हांला ठाऊक नाही. परवा कुंडी हलवताना पुन्हा ते करडे जीव दिसले. सगळे सारखेच वाटले. मग खाली बसून, चष्मा लावून नीट पाहिले, तेव्हा लक्षात आले की काही गोळी होत होते आणि काही, तितकेच करडे, गोळी न होता सरळ पळून जात होते.