राजिवड्याच्या खाडीतले दोर

रत्नागिरी शहराच्या दक्षिण टोकाला काजळी नदी समुद्राला मिळते. पावसच्या रस्त्याला लागले की भाट्याचा पूल येतो. पुलावरून जाणाऱ्या पाहुण्यांची नजर पलीकडच्या वाळूकडे आणि सुरूबनाकडे जाते. अलीकडच्या काठावरचा राजिवडा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. दाटीने बसलेली घरे, मशीद, आणि खाडीत उभ्या असलेल्या लहान-मोठ्या होड्या. इथल्या कितीतरी घरांची रोजी पिढ्यान्‌पिढ्या याच पाण्यावर चालत आली आहे. या घरांतली मुले वर्गात असली की भूगोलाच्या पुस्तकातला भरती-ओहोटीचा धडा मला वेगळा शिकवावा लागत नाही. पुस्तकातले शब्द त्यांना नवे असतात, गोष्ट जुनीच असते.

कधी इकडे आलात तर मासळी उतरताना जरूर पाहा. पण टोपल्या वर गेल्यावर लगेच परतू नका. बांगडा कितीला गेला याची चर्चा करत सगळे पांगतात, तेव्हा होडीवर एक-दोन माणसे मागे राहतात. त्यांचे काम दोरांचे. रात्रभर जागून आलेल्या माणसाला हे काम नकोसे वाटते. तरीही ते टाळता येत नाही, कारण पुढचे बारा तास होडी दोरांच्याच भरवशावर असते.

धक्क्याला लागलेल्या होडीला साधारण चार दोर लागतात. एक नाळेकडून, एक मागच्या बाजूकडून. या दोघांमुळे होडी काठापासून लांब जात नाही. पण खाडीचे पाणी भरतीला आत धावते आणि ओहोटीला बाहेर, त्याबरोबर होडीही पुढे-मागे ओढली जाते. म्हणून आणखी दोन दोर तिरके टाकतात : नाळेकडचा दोर मागच्या खुंटाला आणि मागचा दोर पुढच्या खुंटाला. मध्ये जुने टायर लटकवले की होडीची कड धक्क्याला घासत नाही. दोर जिथे दगडावर किंवा लोखंडावर घासतो तिथे फाटक्या कापडाची किंवा रबरी नळीची गुंडाळी करतात. दोर मधून सहसा तुटत नाही, घासल्या जागीच तुटतो.

खरी परीक्षा दोर किती सैल सोडायचा याची. भरतीच्या वेळी ताठ बांधलेली होडी पाणी उतरले की दोरांवर लटकते. ओहोटीला आखूड बांधलेली होडी पाणी चढताना वर येऊ शकत नाही. ती एका अंगाला कलते आणि पाणी आत शिरते. पाणी साधारण सहा तासांत चढते आणि तितक्याच वेळात उतरते, आणि भरतीची वेळ रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. त्यामुळे कालचा अंदाज आज चालत नाही.

इथे आपल्या घरातले एक ज्ञान कामी येते. दोर बांधता बांधता बाप मुलाला विचारतो, "आज चांद कितवा?" मुलगा सांगतो, "सोळावा." बाप दोर हातभर जास्त सोडतो. अमावस्या आणि पौर्णिमेच्या सुमारास, आणि त्यानंतरचे एक-दोन दिवस, उधाण असते. आपल्या हिशेबात हे दिवस महिन्याच्या पहिल्या दोन-तीन तारखा आणि पंधरा ते सतरा. आठ-नऊ आणि बावीस-तेवीसच्या आसपास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार कमी. रमजान असो वा मोहरम, उन्हाळा असो वा हिवाळा, हा हिशेब बदलत नाही. आपण चांदाची तारीख सणापुरती विचारतो; या काठावर ती रोज विचारली जाते.

गाठीचेही शास्त्र आहे. ओढ बसली तरी जी सुटत नाही आणि हवी तेव्हा हाताने जी सुटते ती गाठ चांगली. खुंटावर आठाच्या आकड्यासारखे वेढे देऊन शेवटचा वेढा खाली दाबतात. निरगाठ मारली तर भिजल्यावर ती दगडासारखी होते, आणि वादळात होडी हलवायची वेळ आली की सुरी शोधावी लागते. ताणलेल्या दोराच्या रेषेत मात्र कधी उभे राहू नये. नायलॉनचा दोर ताणला की लांबतो आणि तुटला की चाबकासारखा मागे येतो.

धक्का सोडताना हेच दोर नीट ठेवणे त्याहून महत्त्वाचे. नायलॉन पाण्यात बुडतो, पॉलिप्रॉपिलीनचा दोर तरंगतो. पण पंख्यात दोन्ही अडकतात. खाडीच्या मुखाशी वाळू आणि गाळ साचतो, तिथे लाटा फुटतात. त्या अरुंद वाटेतून जाताना काठावरून सुटलेले दोराचे टोक पंख्याला गुंडाळले तर इंजिन बंद पडते, होडी लाटेला आडवी होते आणि उलटायला वेळ लागत नाही. म्हणून धक्का सुटताच सगळे दोर आत ओढायचे, वेटोळे करायचे, त्याला मध्ये दोन वेढे देऊन आकड्याला टांगायचे. तीन पदरी दोर पिळाच्या दिशेने, बहुधा उजवीकडे गुंडाळायचा, नाहीतर त्याला गुठळ्या पडतात. पायाखाली सैल दोर नको, डिझेलजवळ नको. दोराचे टोक उसवले तर वितळवून किंवा सुतळीने बांधून टाकायचे.

आता खलाशी बरेचदा बाहेरून येतात, काही तर थेट नेपाळच्या डोंगरांतून. भरती-ओहोटी न पाहिलेल्या या तरुणाच्या हातात बऱ्याचदा आधी दोरच येतो. भाषा जुळत नाही, तेव्हा तांडेल स्वतः गाठ मारून दाखवतो, सोडतो, आणि पुन्हा मारायला लावतो. तो मुलगाही कुणाच्या तरी घरचा कमावता असतो. त्याला घाईत एकदा दाखवून काम झाले असे मानू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले. त्या वादळात 'बसरा स्टार' हे मोठे जहाज नांगर न टिकल्याने याच शहराच्या मिऱ्या किनाऱ्याला येऊन लागले आणि पुढे कैक महिने तिथेच पडून राहिले. वादळापुढे मोठ्या जहाजाची ही गत, तर लहान होडीची काय कथा! १ जून ते ३१ जुलै या बंदीच्या ६१ दिवसांत होड्या वर ओढून शाकारल्या जातात, तेव्हाही त्यांना दोर लागतोच.

हेच दिवस दोर तपासण्याचे. गोड्या पाण्याने मीठ धुवावे, सावलीत वाळवावे, हातभर हातभर पुढे सरकवत प्रत्येक पदर उलगडून पाहावा. उन्हाने भुरभुरलेला किंवा घासून अर्धा झालेला दोर कामाच्या ढिगात परत टाकू नये. नवा दोर महाग वाटतो खरा. पण त्याला बांधलेल्या होडीवर बहुधा कर्ज असते, आणि तिच्यावर आपली मुले चढतात. माझ्या वर्गातल्या मुलांना सुट्टीत हे काम घरी आवर्जून द्यावे, असे मी त्यांच्या पालकांना दरवर्षी सांगते. १ ऑगस्टला होड्या पाण्यात उतरतील, तेव्हा प्रत्येक दोर कुणीतरी हातात घेऊन पाहिलेला असावा.