अवजार बँकेचं इम्पॅक्ट रेंच : सही करण्याआधी

मंडळी, आपल्या गटाच्या अवजार बँकेसाठी बॅटरीवरचं इम्पॅक्ट रेंच घ्यायचं ठरतंय, बरं झालं. रोटाव्हेटरची पाती बदलताना गंजलेल्या नटाला पाना लावायचा, पान्यात पाइप घालायचा आणि दोघांनी लोंबकळायचं, हे किती दिवस? पाना सटकला की बोटं थेट पात्यावर.

दोन्ही कोटेशनं पाहिली. टॉर्क ठळक अक्षरात, पण किमतीत बॅटरी धरलीय की नाही याचा पत्ता नाही! खरा खर्च तर बॅटरी-चार्जरचाच. गटाकडे २० व्होल्टचं ड्रिल आहे, त्याचीच बॅटरी बसणारं रेंच आधी बघा.

टॉर्कचं म्हणाल तर एक मीटर पाइपच्या टोकाला १० किलो टांगलं की साधारण १०० न्यूटन मीटर. जाहिरातीतला मोठा आकडा बहुतेक वेळा नट सोडवण्याचा असतो, आवळण्याचा कमी. आपल्या कामाला अर्धा इंची ड्राइव्हच हवा. सोबत काळ्या इम्पॅक्ट गोट्या घ्या. रोजच्या चकचकीत क्रोमच्या गोट्या या दणक्याने फुटू शकतात, तुकडा डोळ्यात गेला तर?

गवत कापायच्या मशीनच्या पात्याचा बोल्ट यानं सोडवावा, पण शेवटचा पीळ टॉर्क रेंचनंच द्यावा. त्याआधी स्पार्क प्लगची टोपी काढायची, हे शेडच्या भिंतीवर रंगवूनच टाकू.

शनिवारच्या बैठकीला दुकानदारांना रेंच घेऊनच बोलवा. आपल्या जुन्या रोटाव्हेटरचा नट सोडवून दाखवू दे, मग सही करू.