बारभाईंची मोटार

मोटार वेगानें हांकल्याबद्दल दंड होणें ही गोष्ट आपणांस वाटते तितकी अर्वाचीन नाहीं. १८९६ च्या जानेवारींत इंग्लंडमधील केंट परगण्यांत वॉल्टर अर्नोल्ड नांवाच्या गृहस्थास या अपराधाबद्दल एक शिलिंग दंड झाला. गांवांतील मर्यादा ताशीं २ मैलांची, आणि हे महाशय धांवत होते ताशीं ८ मैल! शिपायानें सायकलवरून पाठलाग करून त्यांना गांठलें. आज ही कथा ऐकून हंसूं येतें. परंतु तिच्यांतील एका गोष्टीचा मला हेवा वाटतो. तो शिपाई धापा टाकीत कां होईना, माणसापर्यंत जाऊन पोंचला होता. दंड कोणाला करावयाचा, हा प्रश्नच त्याच्यापुढें उभा राहिला नाहीं.

आतां सायकलवरचा शिपाई गेला आणि त्याच्या जागीं यंत्र आलें. गंमत अशी कीं, या यंत्रांच्या घराण्याचा एक मूळपुरुष स्वतःच वेगाचा भक्त होता. मौस गात्सोनिदेस हा डच शर्यतवीर. १९५३ सालची माँटे कार्लोची शर्यत त्यानें जिंकली. आपली मोटार अधिक वेगानें कशी नेतां येईल हें तपासण्यासाठीं त्यानें वेग मोजण्याचें साधन बनविलें, आणि पुढें तेंच इतरांच्या दंडाचें साधन झालें.

यंत्राला डोळा तीक्ष्ण असला, तरी त्याला दिसतें फार थोडें. त्याला दिसते ती मोटारीची पाटी. पाटीवरून मालकाचें नांव निघतें आणि नोटीस मालकाकडे जाते. मालक व हांकणारा एकच असला म्हणजे मामला सरळ; पण मोटार एखाद्या कंपनीची असली कीं खरी मौज सुरू होते. कंपनीला शिक्का असतो, पत्ता असतो, सह्या करणारे अधिकारी असतात. नसतो तो फक्त वेग वाढविणारा पाय. ‘बारभाईंचा कारभार’ हा आपल्या भाषेंतील शब्दप्रयोग नारायणरावांच्या वधानंतर पुण्यांत एकत्र आलेल्या कर्त्या मुत्सद्द्यांवर अन्याय करणारा आहे. कंपनीच्या मोटारीला मात्र तो तंतोतंत लागू पडतो. ती एरवीं सर्वांची असते, आणि दंडाच्या दिवशीं कोणाचीच नसते.

माझा एक जुना विद्यार्थी नागपुरांतील एका कंपनीचा फिरता प्रतिनिधि आहे. भंडारा व गोंदिया हे दोन जिल्हे त्याच्याकडे. कंपनीची मोटार कधीं तो स्वतः हांकतो, कधीं पगारी ड्रायव्हर. गेल्या हिवाळ्यांत एके दिवशीं तो साकोलीस असतां वरिष्ठांचा निरोप आला, ‘तासाभरांत नागपुरास बैठकीला या.’ ड्रायव्हर त्या दिवशीं रजेवर होता. साकोलीहून लाखनी, मग वैनगंगेचा पूल, भंडारा आणि नागपूर, हें अंतर सुमारें १०० किलोमीटरचें. पुढें काय झालें असेल, तें वाचकांनीं ताडलेंच असेल. कांहीं दिवसांनीं नोटीस कंपनीकडे आली आणि कार्यालयानें तोड काढली : ‘ड्रायव्हरचें नांव लिहून टाका. दंड त्याच्या पगारांतून कापून घेऊं. बढतीच्या वर्षीं तुमच्या नांवाला डाग कशाला?’

तो कागद घेऊन तो माझ्याकडे आला. ‘सर, ड्रायव्हर नाहीं म्हणणार नाहीं. तीच तर अडचण आहे,’ एवढेंच तो म्हणाला. चोर सोडून संन्याशाला सुळीं देणें ही जुनीच रीत. पण येथें सुळाच्या कागदावर सही संन्याशाचीच घ्यावयाची होती!

आम्हीं दोघांनीं मिळून कायदा वाचला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १३३ व्या कलमाप्रमाणें, अधिकृत पोलीस अधिकाऱ्यानें मागितल्यास, हांकणाराचें नांव, पत्ता व परवान्याची माहिती देणें हें मालकाचें कर्तव्य आहे. जाणूनबुजून खोटी माहिती देणें हा निराळा अपराध आहे. म्हणजे कायद्याला पैशाआधीं माणूस हवा आहे. परंतु खरें नवल १८३ व्या कलमांत होतें. हलक्या मोटारीच्या अतिवेगाबद्दल १,००० ते २,००० रुपये दंड सांगणारें हें कलम, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, हांकणाराच्या बरोबरीनें आपल्या नोकराला तसें हांकावयास लावणाऱ्या धन्यालाही गोंवतें. शिवाय, वेगमर्यादा मोडल्यावांचून अमुक वेळांत प्रवास होणें शक्य नाहीं असें न्यायालयास वाटलें, तर तेवढ्या वेळांत तो करण्याची आज्ञा देणें हाच आज्ञा देणाराविरुद्ध सकृद्दर्शनीं पुरावा होतो! विद्यार्थ्याचा चेहरा उजळला. मी म्हणालों, ‘थांब. यानें दुसऱ्याचें नांव यादींत आलें. तुझें गळलें नाहीं.’

आणि तें गळूंही नये. ताशीं १०० किलोमीटरच्या वेगानें मोटार एका सेकंदांत सुमारें २८ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडावयास एक सेकंद लागला, तर तेवढें अंतर ती आंधळीच धांवते. सुगीच्या दिवसांत आमच्याकडे रस्त्याच्या कडेनें धानाचे ट्रॅक्टर असतात, बैलगाड्या असतात, सायकलवरून शाळेस जाणाऱ्या मुली असतात. आणि या घाईचा लाभ किती? भंडारा ते नागपूर हें ६० किलोमीटरचें अंतर ताशीं ८० च्या वेगानें ४५ मिनिटांत कापतां येतें, १०० च्या वेगानें ३६ मिनिटांत. ही ९ मिनिटांची कमाई बहुधा बैठकीपूर्वींच्या चहांतच खर्चीं पडते.

विद्यार्थ्यानें उत्तरांत आपलें नांव व परवान्याचा क्रमांक लिहिला आणि दंड स्वतः भरला. वरिष्ठांना त्यानें वेगळें पत्र लिहिलें. त्यांत तो निरोप, त्याची वेळ आणि अंतर हीं जशींच्या तशीं नमूद केलीं. तसें करणें सोपें नव्हतें. त्या पत्राला अद्याप उत्तर नाहीं. मात्र बैठकीची वेळ आतां आदल्या दिवशीं कळविली जाते, असें तो सांगतो. ड्रायव्हरला या प्रकरणाची वार्ताही नाहीं. त्याचा त्या महिन्याचा पगार पुरा हातीं आला, एवढेंच.

संस्था, मंडळें आणि कंपन्या यांच्या जगांत आपलें बरेंचसें आयुष्य जातें. तेथें चुका ‘होतात’; त्या कोणी ‘केल्या’ असें सहसा ऐकूं येत नाहीं. केंटमधील त्या शिपायाला माणूस गांठण्यासाठीं पाय झिजवावे लागले; आमच्या यंत्राला तेवढे कष्ट नाहींत. पाटीमागचा माणूस शोधण्याचे कष्ट म्हणून आपल्या वांट्याला आले आहेत. ते आपण टाळले, तरी दंड वसूल होईलच; पण तो दर वेळीं त्याच्याच पगारांतून होईल, ज्याला नाहीं म्हणतां येत नाहीं.