छर्रा आणि स्प्रिंग

यंत्रशास्त्राचे ज्यास शिक्षण नाही त्याने यंत्राविषयी लिहू नये, असा एक संकेत आहे. मी जन्मभर इंग्रजी काव्य शिकवीत आलो; तेव्हा टर्बोचार्जरवर लेखणी उचलण्याचा माझा अधिकार कोणता, असे कोणी विचारल्यास ते रास्तच होईल. अधिकार एवढाच, की माझ्या भाच्याच्या जीपच्या कर्जाला मी जामीन आहे. ज्या इंजिनाच्या आयुष्याशी आपली सही बांधली गेली, त्याच्या प्रकृतीची चौकशी करण्याचा हक्क साहित्याच्या प्राध्यापकालाही असावा.

भाचा सालेकसा येथे राहतो. त्याची जीप जुन्या घाटणीची, यांत्रिक पंपाची टर्बो डिझेल. वर्षभर ती आमगाव, सालेकसा, दरेकसा अशी भाड्याने धावते. पण तिच्या कमाईचे खरे दिवस माघी पौर्णिमेचे. त्या सुमारास कचारगडची जत्रा भरते. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण असे चहूंकडून गोंड यात्रेकरू येतात. या डोंगरातील प्रचंड गुहेत कोंडलेल्या मुलांची सुटका पारी कुपार लिंगोने केली, अशी त्यांची श्रद्धा आहे. आणि ती गुहा एकदा पाहिली म्हणजे तिच्याभोवती अशी कथा उभी राहिली नसती तरच नवल, असे मला वाटते. दरेकशाच्या स्टेशनावर उतरलेली माणसे पायथ्याच्या धनेगावापर्यंत पोचविणे, हे या दिवसांत भाच्याचे काम. भरलेली जीप चढावर दम टाकते आणि मागे काळा धूर सोडते, ही त्याची तक्रार होती. आणि तिच्यावर कोणीतरी त्याला उपाय सांगितला होता: बूस्ट कंट्रोलर.

“मामा, बोटाएवढी वस्तू आहे. लेथवर करून घेतो. गाडी एकदम मोकळी होईल,” तो म्हणाला.

बोटाएवढ्या वस्तूंची मला नेहमीच भीती वाटत आली आहे. मी तिचा अभ्यास केला.

टर्बोचार्जर म्हणजे एका दांड्याच्या दोन टोकांना बसविलेली दोन चक्रे. एक इंजिनाच्या तप्त धुराने फिरते. दुसरे त्या फिरण्याच्या बळावर बाहेरची हवा दाबून इंजिनात भरते. लहान टर्बोत हा दांडा मिनिटाला लाखाहून अधिक फेरे घेतो. 1905 साली आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट घेतले. 1918 साली सॅनफर्ड मॉस या अमेरिकन अभियंत्याने कोलोरॅडोतील पाइक्स पीक या 14,000 फुटांहून उंच शिखरावर विमानाचे इंजिन नेऊन टर्बोची परीक्षा केली. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे तीन-पंचमांश. विरळ हवेत गुदमरणाऱ्या इंजिनाला त्याचा श्वास परत देणे, हा त्याचा हेतू. मूळ हेतू असा सात्त्विक होता. हाव पुढे आली.

हा दाब हाताबाहेर जाऊ नये म्हणून वेस्टगेट नावाचे एक दार असते. दाबलेल्या हवेची एक बारीक नळी अ‍ॅक्च्युएटर नावाच्या डबीकडे जाते. डबीत पडदा आणि स्प्रिंग. दाब ठरल्या मापाला पोचला, की पडदा ढकलला जातो, दार उघडते, आणि धुराचा काही भाग चक्राला वळसा घालून निघून जातो. ती बारीक नळी म्हणजे निरोप्याच; आणि बूस्ट कंट्रोलर या निरोप्याला वाटेत गाठतो. तो इंजिनाला कसलीही शक्ती देत नाही. दाराला खरी बातमी उशिरा किंवा कमी कळावी, एवढीच व्यवस्था तो करतो. हे ध्यानात आले तेव्हा माझी निम्मी भीती गेली आणि निम्मी दुप्पट झाली.

याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात नळीला फाटा काढून सुईच्या झडपेने थोडी हवा बाहेर गळू देतात. बनविण्यास सोपा, परंतु दार आधीपासूनच किलकिले होऊ लागते व दाब सावकाश चढतो. दुसऱ्यात पितळी नळकांड्यात एक पोलादी छर्रा स्प्रिंगने दाबून धरलेला असतो. दाब स्प्रिंगला हरवीपर्यंत डबीला काहीच कळत नाही. मग सारे एकदम कळते. माझ्या मते निवडायचाच तर हाच. मात्र छर्ऱ्याच्या पलीकडे, डबीच्या बाजूस, एक बारीक भोक हवेच. नाहीतर अडकलेली हवा निघून जाण्यास वाट राहत नाही आणि दार मिटत नाही. नळ्यांना क्लॅम्प हवेत. कारण नळी निसटली तर निरोप मुळीच जात नाही, आणि दाब चढतच राहतो. सुरुवात सर्वांत सैल स्क्रूवर करावी, पुढे पाव-पाव फेऱ्याने जावे.

आता थोडे गणित. बाहेरच्या हवेचा दाब चौरस इंचाला 14.7 पौंड. टर्बोने त्यावर 10 चढविले तर 24.7, आपण छर्रा आवळून 12 केले तर 26.7. म्हणजे वाढ शेकडा 8. आणि दाबलेली हवा तापते म्हणून प्रत्यक्षात त्याहूनही कमी. शिवाय डिझेल इंजिनात जोर इंधनाचा असतो. धूर काळा असेल तर जादा हवा उपयोगी पडेल. नसेल तर पंपाने इंधनही वाढवावे लागेल, आणि त्याची उष्णता पिस्टन व हेड गॅस्केट यांना सोसावी लागेल. हल्लीच्या इलेक्ट्रॉनिक गाड्यांत तर संगणक ही लबाडी ओळखून इंजिनाचा जोरच कमी करतो.

मी भाच्याला एकच अट घातली: कंट्रोलर कर, पण आधी गेज बसव. तो थोडा हिरमुसला. गेजने गाडी पळत नाही, हे त्याचे म्हणणे खरेच होते. आमगावच्या एका मेस्त्रीने ते बसविले, आणि भरल्या जीपने चढ घेतला. काटा 7 पौंडांवर जाऊन थांबला. कारखान्याचा आकडा 10 चा होता.

“दाब आहेच कुठे जी? वाढवता काय?” मेस्त्री म्हणाला. टर्बोकडून इंजिनाकडे जाणारी जाड रबरी नळी खालच्या अंगाने चिरली होती. वरून पाहता ती धडधाकट दिसे. हवा तेथून जात होती, इंधन मात्र पुरते पडत होते. काळ्या धुराचे मूळ ते. एअर फिल्टरही धुळीने बुजला होता. तशात छर्रा आवळला असता, तर गळतीची भरपाई करण्यासाठी बिचारा टर्बो आणखी वेगाने फिरत राहिला असता.

नळी बदलली, फिल्टर बदलला. काटा 10 वर येऊ लागला, धूर विरळ झाला, आणि जत्रेचे पाचही दिवस जीपने धनेगावची वाट कुरकुर न करता चढून काढली. कंट्रोलर मात्र भाच्याने करून घेतलाच. काम सुबक आहे; भोकही योग्य बाजूला आहे. तो डॅशबोर्डाच्या खणात ठेवलेला असतो, आणि गाडी उभी असली की भाचा तो काढून स्क्रू फिरवीत बसतो. कर्जाचे 14 हप्ते उरले आहेत. ते फिटेपर्यंत छर्रा खणातच राहील, असे त्याने मला सांगितले आहे. पुढे गाडी त्याची आणि इंजिनही त्याचे.