आजोबांचं खातं आणि घरभर अ‍ॅडमिन

तुमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अ‍ॅडमिन किती आहेत? आमच्याकडे सगळेच आहेत. त्यात फारसं बिघडत नाही, कुणीतरी रुसून ग्रुपचं नाव बदलतं इतकंच. पण हीच सवय मी दुसरीकडे नेली आणि ती महागात पडली.

तीन वर्षांपूर्वी 'फोनमधली जागा संपली' या तक्रारींना कंटाळून मी जुन्या लॅपटॉपवर नेक्स्टक्लाउड बसवलं. हे मोफत सॉफ्टवेअर आहे. फोटो कुठल्या कंपनीकडे न जाता आपल्याच घरातल्या डिस्कवर राहतात. मी बी.ए. इंग्रजी, त्यामुळे व्हिडिओ बघत दोन रविवार गेले. बसवताना जे पहिलं खातं उघडतं, ते अ‍ॅडमिनचं असतं. ते माझं. मग आई, बाबा, काका, धाकटी बहीण, बडोद्याची आत्या आणि आजोबा यांची खाती उघडली.

रोज कुणीतरी पासवर्ड विसरायचं आणि मला ऑफिसात फोन यायचा. शेवटी वैतागून मी आई, बाबा, काका आणि आत्याला अ‍ॅडमिन करून टाकलं. आता तुमचं तुम्ही बघा!

गेल्या वर्षी आजोबा गेले. दोन महिन्यांनी काका खात्यांची यादी चाळत होते. आजोबांचं नाव समोर आलं की त्यांना कसंतरी व्हायचं, म्हणून त्यांनी ते काढून टाकलं. इंग्रजीत इशारा आला होता. त्यांनी तो वाचला नाही. आपण तरी कुठे वाचतो?

खातं डिलीट केलं की त्या माणसाच्या फाइलही जातात. एखादा फोटो पुसला तर तो कचरापेटीत सापडतो, पण खात्याबरोबर त्याची कचरापेटीसुद्धा जाते. आजोबांचा फोन आम्ही आधीच रिसेट करून मावशींच्या मुलाला दिला होता. माझ्याकडे बॅकअप होता, पण चार महिन्यांपूर्वीचा. म्हणजे आजोबांचे शेवटचे दोन महिने त्यात नव्हते. गच्चीतली जास्वंद ते रोज सकाळी टिपायचे, तीही नाही.

काका लहान मुलासारखे रडले. मी त्यांना काय बोलणार? किल्ली मीच हातात दिली होती.

त्याच मेनूत, डिलीटच्या जवळच, खातं निष्क्रिय करायची सोय आहे. त्यानं लॉगिन बंद होतं, फाइल मात्र जागच्या जागी राहतात. खातं खरंच मिटवायचं असेल, तर आधी त्यातल्या फाइल दुसऱ्याच्या नावावर करता येतात. हे मला तेव्हा माहीतच नव्हतं, कारण मी फक्त बसवायचं कसं ते शिकले होते.

आता सगळे साधे वापरकर्ते आहेत. मीसुद्धा. अ‍ॅडमिनचं खातं वेगळं ठेवलंय, आणि काम असेल तेव्हाच त्यात जाते. त्याचा पासवर्ड पाकिटात बंद करून आईच्या कपाटात ठेवलाय, उद्या मलाच काही झालं तर घर अडायला नको. आत्याला तिच्या घरच्यांपुरतं गटप्रमुख केलंय, म्हणजे तिकडचे पासवर्ड ती बदलून देते. पण तिच्या गटातलं खातं ती पुसूही शकते, तेव्हा आधी मला फोन करायचा असं ठरलंय. बाबांना हे पद गेल्याचा थोडा राग आला. दोन दिवस ते मला 'साहेब' म्हणत होते.

बहिणीनं मात्र वेगळाच प्रश्न विचारला. "ताई, तुला माझे फोटो दिसतात का?"

साध्या पडद्यावर नाही दिसत. पण डिस्क माझ्या हातात आहे, तुझा पासवर्डही मी बदलू शकते, म्हणजे ठरवलं तर दिसतील. मी तिला हे असंच सांगितलं. तिनं त्या संध्याकाळी एक फोल्डर उचलून स्वतःच्या पेनड्राइव्हवर नेलं. मी काही विचारलं नाही.

आजोबांचं खातं मी त्याच नावानं पुन्हा उघडलं, बॅकअपमधले फोटो त्यात घातले आणि लगेच निष्क्रिय केलं. त्या यादीत ते एकच नाव आहे. काका अधूनमधून विचारतात, "आहे ना गं अजून?"

"आहे, काका."