सामी सुताराचा बायोडेटा

पावसाळी वीकएण्ड, लोणावळा, गळ्यात कॅमेरा! भुशी, लोहगड, पवना... फोटो झक्कास येतात. घोडं अडतं ते प्रदर्शनासाठी स्वतःविषयी चार ओळी लिहिताना. मग 'लहानपणापासूनच निसर्गाची ओढ' वगैरे सुरू. त्यापेक्षा कार्ल्याच्या पायऱ्या चढा. चैत्यगृहाच्या दाराजवळ ब्राह्मीत कोरलंय, सुमारे २००० वर्षांपूर्वी: धेनुकाकटचा सुतार सामी, वेणुवासाचा मुलगा, त्याने हे दार केलं. गाव, धंदा, नाव, बाप, काम. बास! (एकवीरेला निघालेली गर्दी तिकडे बघतही नाही.) 'पॅशनेट' बिशनेट काही नाही. तुम्हीही लिहा: कोण, कुठले, पोटापाण्याला काय करता, कशाचे फोटो काढता. आणि आयटीतली नोकरी कशाला लपवता राव? सामीने कुठे सुतारकी लपवली!